घेण्याचा भाव, देण्याचा भाव: लास वेगासच्या सट्टा-दालनात पाऊल टाकण्याआधी

मागच्या रविवारी वहिनींकडे इंदूरच्या रामबागेत पोह्यांना गेलो होतो. त्यांच्या मुलानं अमेरिकेच्या सहलीचा आराखडा पाठवलाय, त्याची छापील प्रत फ्रिजवर चिकटवलेली. पाचव्या दिवशी लास वेगास, आणि पुढे लिहिलेलं, ‘संध्याकाळी रेस अँड स्पोर्ट्स बुक’. वहिनींची सगळी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात गेली. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "भाऊजी, जुगाराच्या गावात हे पुस्तकांचं दुकान कसलं?"

मी हसलो खरा, पण घरी येताना वाटलं की प्रश्न एकट्या वहिनींचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला. क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं फँटसी अ‍ॅपचं नाव रातोरात गेलं. आणि त्याच सुमारास ओळखीपाळखीतली पोरं परदेशातल्या चकचकीत दालनांमधून हसरे फोटो टाकतात. मग इथे जे गुन्हा आहे ते तिथे सहलीच्या यादीत कसं? आणि तिथे बसलेली माणसं नेमकं करतात काय?

मी २०१९ साली अशा एका दालनात तीन तास बसलो होतो. अकरा डॉलर गेले. बँकेत आयुष्य घालवल्यामुळे पैसे गेल्याचं दुःख थोडं आणि ते कुठल्या वाटेनं गेले याचं कुतूहल फार, म्हणून हा लेख.

‘बुक’ म्हणजे बुकीची वही

पुस्तकाशी संबंध आहे, पण तो हिशेबाच्या वहीइतकाच. कोणी, कशावर, किती पैसे, कुठल्या भावानं लावले याची नोंद ठेवणारी ती ‘बुक’, आणि ती सांभाळणारा तो बुकी. हा शब्द इंदुरात कुणाला समजावायची गरज नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात ही वही कायदेशीर आहे आणि कॅसिनोच्या आत तिला स्वतंत्र दालन असतं. घोड्यांच्या शर्यतींसाठी ‘रेस बुक’, बाकी खेळांसाठी ‘स्पोर्ट्स बुक’. बहुतेक ठिकाणी दोन्ही शेजारी-शेजारी, म्हणून नाव जोडीनं घेतात.

गंमत अशी की नेवाडात जुगार १९३१ पासून कायदेशीर, तरी कॅसिनोच्या आत ही दालनं १९७५-७६ च्या सुमाराला आली. मधल्या काळात काय आडवं आलं, ते पुढे सांगतो. त्यात आपल्यासाठीही एक धडा आहे.

आत शिरल्यावर

पहिल्यांदा थंडी वाजते. मग डोळे दिपतात. सिनेमाच्या पडद्याहून मोठी भिंत, तिच्यावर एकाच वेळी दहा-बारा सामने, आणि कडेनं आकड्यांच्या रांगा. दोनेक दालनांची ‘जगातलं सर्वात मोठं’ म्हणवून घ्यायची चढाओढ चालू असते. २०२० मध्ये उघडलेल्या ‘सर्का’ कॅसिनोचं दालन तर तीन मजली आहे, नाट्यगृहासारखं उतरतं.

घोड्यांची बाजू वेगळीच. तिथे वाचनालयातल्यासारखी छोटी-छोटी मेजं, प्रत्येकावर आपापला टीव्ही आणि दिवा. वहिनींना हा कोपरा घरचा वाटेल. माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते. अर्धं खाल्लेलं सँडविच बाजूला सारून शर्यतीच्या वर्तमानपत्रातले मुंगीएवढे आकडे लाल पेनानं गोल करत बसलेले. तीन तासांत ते दोनदाच उठले. जल्लोष नाही, चरफड नाही, एखाद्या हिशेबनिसासारखे.

समोर बँकेसारख्या खिडक्या. खिडकीवर संघाचं नाव घ्यावं लागत नाही, भिंतीवर त्याच्यापुढे जो क्रमांक असतो तो सांगायचा, मग रक्कम. घोड्यासाठी क्रम वेगळा: कुठलं मैदान, कितवी शर्यत, किती डॉलर, कुठल्या प्रकारची पैज, घोड्याचा नंबर. मी उलटसुलट बोललो तेव्हा खिडकीतल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा सांगा." हातात येतं ते एक पातळ कागदी तिकीट. ते हरवलं की पैसे गेले असंच धरून चालायचं.

सराफ्यातला भाव आणि भिंतीवरचा भाव

आता मूळ मुद्दा. आपल्याला वाटतं की बुकी हा मोठा जाणकार, कोण जिंकणार ते त्याला आधी कळतं. वास्तविक त्याला ते कळायची फारशी गरजच नसते.

सराफ्यात संध्याकाळी दुकानं बंद होऊन गराडूच्या कढया तापायच्या आधी जा. सोनं विकत घ्यायला गेलात तर एक भाव, दागिना मोडायला गेलात तर दुसरा, थोडा कमी. उद्या सोनं चढेल की उतरेल याचं भाकीत सराफ करत बसत नाही. दोन्ही बाजूंची गिऱ्हाइकं येत राहिली की मधल्या फरकावर त्याचं दुकान चालतं.

त्या भिंतीवरही हेच. माझ्या तिकिटावर लिहिलं होतं, अकरा डॉलर लावा, जिंकलात तर वर दहा मिळतील. दोन्ही बाजूंना हाच दर. समजा, मी एका संघावर अकरा लावले आणि लाल पेनवाल्या गृहस्थांनी दुसऱ्यावर अकरा. खिडकीत बावीस जमा झाले. जिंकणाऱ्याला त्याचे अकरा आणि वरचे दहा, म्हणजे एकवीस परत जातात. एक डॉलर खिडकीतच राहिला. सामना कोणीही जिंको, तो राहणारच. बावीसात एक म्हणजे साधारण साडेचार टक्के. या कापणीला तिथे ‘व्हिग’ म्हणतात. आपण दलाली म्हणू.

आपल्याकडचे चोरून चालणारे बुकीही हेच गणित जुन्या बोलीत मांडतात. भाव ‘पंचेचाळीस-सत्तेचाळीस’ असा जोडीनं निघतो. आवडत्या संघावर शंभर ‘लावले’ तर पंचेचाळीस मिळतील. तोच संघ ‘खाल्ला’, म्हणजे तो हरेल असं धरलं, तर शंभर मिळवण्यासाठी सत्तेचाळीस गमावायची तयारी हवी. मधले दोन बुकीचे. सराफ्यातल्या दोन भावांचाच हा धाकटा भाऊ.

दोन्ही बाजूंचा पैसा दरवेळी नेमका सारखा येतो असं नाही. एका बाजूला फारच गर्दी झाली की भाव हलवून दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक ओढतात. कधी मुद्दाम थोडी जोखीम अंगावरही घेतात. एखाद्या रात्री कॅसिनोला खोट बसते, वर्षाच्या हिशेबात ती बुजते.

"पण दोन्ही संघ सारख्या ताकदीचे कुठे असतात?"

नसतात. म्हणून दुबळ्याला आधीच सूट देतात. लहानपणी गल्लीत पळायची शर्यत लावताना धाकट्याला दहा पावलं पुढे उभं करायचो ना, तेच. बास्केटबॉलच्या माझ्या सामन्यात दुबळ्या संघाला साडेपाच गुणांची सूट होती. अर्धा गुण कशाला? बरोबरी होऊन भांडण नको म्हणून. बलवान संघ सहा किंवा जास्त गुणांनी जिंकला तरच त्याच्यावर लावणारे जिंकणार.

मी दुबळ्यांचा पक्ष घेतला होता, स्वभावच तो. शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा माझा संघ पाच गुणांनी मागे. सामना हातचा गेलेला, पण माझं तिकीट जिवंत! तेवढ्यात बलवान संघाला दोन फ्री थ्रो, म्हणजे एकेका गुणाचे फुकटचे फटके मिळाले. खेळाडू अंगावरचा कोट सारखा करायला लागले होते, समालोचक भलत्याच विषयावर बोलत होते, आणि दालनातली निम्मी माणसं त्या दोन निरर्थक फटक्यांसाठी उभी राहून ओरडत होती. दोन्ही पडले. फरक सातचा झाला. अकरा डॉलर तिथे गेले.

खेळ पाहणं आणि तिकीट पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या मिनिटात जेवढं कळलं, तेवढं कुठल्याही लेखातून कळलं नसतं.

घोड्यांचा हिशेब: बीसी

वाचनालयासारख्या त्या बाजूला गणित पूर्ण बदलतं. तिथे भाव कॅसिनो ठरवत नाही, पैसे लावणारी माणसंच एकमेकांचा भाव ठरवतात. ही पद्धत फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात जोसेफ ओलेर यांनी काढली. बेरजा झटपट करणारं पहिलं मोठं यंत्र १९१३ मध्ये न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या मैदानावर बसलं. मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्याच्या रेसकोर्सवर त्याला ‘टोट’ म्हणतात.

आपल्या बीसीसारखं, म्हणजे भिशीसारखं समजा. सगळ्यांचे पैसे एका डब्यात, चालवणारा आधी आपला वाटा काढतो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतो. उदाहरणार्थ डब्यात दहा हजार डॉलर जमले. शर्यत चालवणाऱ्यांनी १७ टक्के काढले, उरले ८,३००. चार नंबरच्या घोड्यावर एकूण दोन हजार लागले होते आणि तोच आला. म्हणजे डॉलरमागे ४ डॉलर १५ सेंट. पण बऱ्याच मैदानांवर वरचे पाच सेंट देतच नाहीत, ४.१० वर थांबतात. सुट्टे नाहीत म्हणून गोळी देणाऱ्या दुकानदाराची आठवण झाली ना? फक्त इथे गोळीही नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तिकीट घेताना दिसलेला भाव तुमचा नव्हे. घोडे सुटेपर्यंत लोक पैसे लावत राहतात आणि भाव हलत राहतो. खेळांच्या खिडकीवर मात्र तिकिटावर छापलेला भाव पक्का. दोन, लास वेगासमध्ये बसून न्यूयॉर्कच्या शर्यतीवर लावलेले तुमचे दोन डॉलर सहसा न्यूयॉर्कच्याच डब्यात जाऊन पडतात.

आणि कापणी? अमेरिकेत ती साधारण १५ ते २५ टक्के असते, साध्या पैजेला कमी, गुंतागुंतीच्या पैजेला जास्त. आपल्या मटक्यात एकेरी आकड्याला एकाचे नऊ मिळायचे, म्हणजे दहा टक्के कापणी. टोपी घातलेल्या साहेबांचा सभ्य खेळ आपण ज्याला समजतो, तो गल्लीतल्या मटक्याहून महाग आहे हे मला पहिल्यांदा खरंच वाटलं नव्हतं. अर्थात घोडे पोसायचे, जॉकी, मैदान, बक्षिसं, हे सगळं त्याच डब्यातून चालतं. मटकेवाल्याला एक मडकं पुरायचं.

गर्दी चुकते तेव्हा मात्र डबा उदार होतो. २०२२ च्या केंटकी डर्बी या अमेरिकेतल्या शर्यतीत ‘रिच स्ट्राइक’ हा घोडा आदल्या दिवशी दुसऱ्यानं माघार घेतल्यामुळे कसाबसा आत आला होता. भाव एकाला ऐंशी. तो जिंकला आणि दोन डॉलरच्या तिकिटावर १६३ डॉलर ६० सेंट मिळाले.

"अभ्यास केला तर जिंकता येणारच ना?"

हा प्रश्न मला प्रत्येक चौकात विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा चेहरा आधीच जिंकल्यासारखा असतो. अकराला दहा या दरानं निव्वळ बरोबरीत राहायचं तर शंभरातले ५२.३८ अंदाज बरोबर यायला हवेत. आकडा किरकोळ वाटतो. पण तुम्ही ज्याच्याशी झुंजताय तो भाव साधा नाही. दुखापती, हवामान, प्रवासाचा शीण, आणि तुमच्याहून हुशार लोकांनी लावलेले पैसे, हे सगळं त्यात आधीच मुरलेलं असतं. तुम्हाला संघाची माहिती असून भागत नाही. भावाला ठाऊक नसलेलं काहीतरी तुम्हाला ठाऊक असावं लागतं.

असे लोक आहेत. थोडे, पण आहेत. त्यांचं पुढे काय होतं? बरेच कॅसिनो त्यांची लावायची मर्यादा खाली आणतात. जिंकणारं गिऱ्हाईक दुकानाला नको असतं, आणि कायद्यानं त्याला तेवढी मुभा आहे.

"चार सामने एकाच तिकिटावर लावले तर?"

याला ‘पार्ले’ म्हणतात. चारही अंदाज बरोबर आले तर दहापट, असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. आता नाणं फेका. चारही वेळा छापा पडायची शक्यता सोळात एक. म्हणजे न्यायानं तुमचा एक रुपया परत आणि वर पंधरा मिळायला हवेत, मिळतात दहा. सोळातले अकराच परत आले, कापणी थेट ३१ टक्के. एकेका सामन्याला साडेचार टक्के घेणारं दुकान चार सामन्यांची थाळी लावली की तिसरा हिस्सा घेतं. थाळी स्वस्त पडते हा आपला अनुभव इथे उलटा.

चालू सामन्यातल्या भावाचंही असंच. १९ ऑक्टोबर २०२५ ला आपल्या होळकर स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा भारत-इंग्लंड सामना आठवा. इंग्लंड २८८. स्मृती मंधाना ८८ वर खेळत होती तोवर आपण जिंकलोच होतो; शेवटी २८४ वर अडलो, चार धावांनी गेलो. असल्या सामन्यात भाव चेंडूगणिक उलटापालटा होतो. पण टीव्हीवरचं चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं, आणि भाव लावणाऱ्याकडे माहिती तुमच्या आधी पोचते. तुमचं बोट बटणावर जाईपर्यंत तो भाव बंद केलेला असतो. उघडा राहिला असेल, तर तो कुणाच्या सोयीचा असेल ते तुम्हीच ओळखा.

"मग तिकडे चालतं ते आपल्याकडे का नाही?"

राज्यघटनेनं ‘पैज आणि जुगार’ हा विषय राज्यांकडे दिलाय. गोवा आणि सिक्कीमनं कॅसिनोला दार उघडलं. आपल्या मध्य प्रदेशात १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आजही पाया म्हणून उभा आहे. घोड्यांच्या शर्यतीचं वेगळं: १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कौशल्याचा खेळ ठरवली, म्हणून रेसकोर्सवर पैसे लावता येतात आणि क्रिकेटवर नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं ऑनलाइनपुरता हा कौशल्य-नशिबाचा भेदच मोडून काढला. पैसे लावून पैसे मिळवायचे असतील तर दोन्ही बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड.

"बंदीनं काय होतंय, कायदेशीर करून कर घ्या," असं म्हणणारे बरेच भेटतात. विधी आयोगानंही २०१८ च्या अहवालात, रोखणं जमत नसेल तर कडक नियमनाचा विचार करावा, असं म्हटलं होतं. पण कर कशावर घेता यावर सगळं अवलंबून आहे, आणि मघाशी राखून ठेवलेला धडा हाच.

अमेरिकेनं १९५१ मध्ये लावलेल्या प्रत्येक डॉलरवर दहा टक्के कर बसवला. नफ्यावर नव्हे, लावलेल्या रकमेवर! दुकानाची कापणीच साडेचार टक्के, त्यातून दहा कुठून देणार? कायदेशीर धंदा खुरटला, गल्लीबोळातला फोफावला. १९७४ मध्ये कर दोन टक्क्यांवर आला आणि वर्षा-दोन वर्षांत कॅसिनोंनी दालनं थाटली. १९८३ मध्ये तो पाव टक्का झाला. इतर राज्यांना ही मुभा मिळाली २०१८ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मनाई करणारा १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द केल्यावर.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून पैजेसाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. आता चोरून चालणारा बुकी शंभरात दोनावर भागवतो, वर उधारीही देतो. त्याच्याशी कायदेशीर दुकान कसं स्पर्धा करणार? मी कायदेशीर करण्याच्या बाजूचा नाही. उधारीवर खेळून घर विकलेलं एक कुटुंब मी जवळून पाहिलंय. पण जे करा म्हणतात त्यांनी निदान हे गणित मांडावं.

वहिनी, तुमच्यासाठी

जाऊन बघायला काहीच हरकत नाही. बसायला पैसे लागत नाहीत, फक्त मोठ्या सामन्याच्या दिवशी चांगल्या खुर्च्या राखीव असतात. वयाची अट २१, तुमच्याकडे पाहून कोणी विचारणार नाही, तरी पासपोर्ट पर्समध्ये असू द्या. पेय फुकट मिळतं असं मुलगा सांगेल. बऱ्याच ठिकाणी ते ठरावीक रक्कम लावली तरच मिळतं, खिडकीवर कूपन देतात. आणणाऱ्या मुलीला एक-दोन डॉलर बक्षीस द्यायची पद्धत आहे.

इथून बँकेमार्फत परदेशी लॉटरी किंवा फुटबॉलच्या पैजांसाठी पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांत मनाई आहे, तेव्हा नंतर मोबाइलवरून खेळत राहायचा मोह नको. आणि जिंकलात तर आपल्याकडे जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर, तोही हरलेले पैसे वजा न करता.

तिकीट घ्यायचंच असेल तर घोड्याचं दोन डॉलरचं घ्या. १९७३ मध्ये बेलमाँटच्या शर्यतीत ‘सेक्रेटरिएट’ हा घोडा एकतीस घोड्यांच्या लांबीइतक्या अंतरानं जिंकला, तेव्हा दोन डॉलरला मिळणार होते फक्त दोन डॉलर वीस सेंट. ५,६१७ जिंकलेली तिकिटं लोकांनी वटवलीच नाहीत, आठवण म्हणून घरी नेली. माझंही तिकीट बँकेच्या जुन्या पासबुकात ठेवलंय, अक्षरं पार पुसट झालीत. आणि शाल घ्या, तिथला एसी आपल्या जानेवारीला लाजवतो.